दोनशे अकरा खुणा

रुझार तांडेल शापोऱ्याहून म्हापशाला आला,
मांडीवर यंत्र, बाजाराच्या पिशवीत.
पिशवीला बांगड्याचा वास, तारेला गंज,
पडदा कधी उजळे, कधी नुसता काळा.

मी कंपनीला फोन लावला.
"सर, ते मॉडेल आम्ही बंद केलंय."
मी सर नव्हे, पण ते असो.
"पार्ट मिळत नाहीत, सर. नवीन घ्या."

नवीन त्याने घेतलंच होतं, हप्त्यांवर,
रंगीत, बोटाने सरकणारं.
फक्त जुन्याचं कार्ड त्याच्या तोंडात मावेना,
आणि जुन्याच्या पोटात बारा वर्षांचा समुद्र:
दोनशे अकरा खुणा.
इथे खडक. इथे जाळं फाटतं.
इथे बुडालेली बार्ज, तिच्या आडोशाला तांबोशी.
इथे दिवाळीच्या आसपास इसवण.

"बापाच्या खुणा जमिनीवर असत," तो म्हणाला.
"किल्ल्याचा कोपरा आणि मिंगेलचा माड
एका रेषेत आले की नांगर सोड.
हे यंत्र आणलं तेव्हा मी त्याला हसलो होतो."
माड आता नाही. तिथे रूफटॉप आहे.

बाहेरून करंट दिला की पडदा चार मिनिटं टिके,
मग दहा मिनिटं थंड करायचा.
टेबलफॅन त्याच्यावर, आम्ही दोघं घामात.
मी वाचत गेले, तो लिहीत गेला
मुलीच्या भूगोलाच्या वहीत, मागच्या पानापासून:
पंधरा छत्तीस, त्र्याहत्तर एकेचाळीस.
मध्येच उंडा-भाजी.

मागच्या खोलीत माझा ढीग:
सेट-टॉप बॉक्स, फुगलेल्या बॅटऱ्या,
कुणा तारवटीने बोटीवरून आणलेला व्हिडिओ.
काही तर अजून चालतात.
त्यांच्याशी बोलणारं काही उरलं नाही,
इतकंच.

"एकशे सत्तेचाळीस. ही कसली?"
रुझारने पेन थांबवलं. डोळे मिटले.
खडक नाही. मासळी नाही. बार्ज नाही.
"आठवत नाही," म्हणाला.
"तरी आकडे सांग."

दोनशे आठवर पडदा गेला तो गेलाच.
उरलेल्या तीन त्याने तोंडी सांगितल्या,
आकड्यांशिवाय:
"तिथून अर्धा तास उत्तरेला.
पाणी जरा हिरवं."
मी तसंच लिहून घेतलं.

भंगारवाला शुक्रवारी येतो. यंत्र दीड किलो.
"द्यायचं?"
"दे," म्हणाला, मागे न बघता.
मग पायरीवरून परत आला.
"वहीची एक झेरॉक्स तुझ्याकडे ठेव.
नवीन बंद पडेल तेव्हा
परत वाचायला लागेल."