अठ्ठाविसावा दिवस

आज बारा घन फोडायचे.
सहा सिंधच्या वाळूचे, सहा घाटीगावच्या भुकटीचे:
खाणीत फरशी कापताना जी उडते,
पोरांच्या छातीत जाऊन बसते,
उरलेली रस्त्याकडेला ढीग होऊन पडते, तीच.

टाकीतून एकेक उचलते. आठ किलो.
फडक्याने पुसते, तेलखडूचा आकडा वाचते.
बाहेर ग्वाल्हेरचा मे,
पत्र्यावर कावळाही टेकत नाही.

बाथमकाका मशीनच्या ताटल्या झाडतात.
त्यांचे वडील चंबळेतून वाळू काढायचे.
मग सुसरी तिथे अंडी घालतात म्हणून बंदी आली.
'तिचं बरोबरच होतं,' काका म्हणतात,
'तिचं घर होतं. आमचं नुसतं पोट.'

एकदा दोन चिमटी माझ्या तळहातावर ठेवून
म्हणाले होते, डोळे मिट आणि सांग कुठली कुठली.
नदीची गोल, शेकडो कोस चाललेली.
भुकटीला अजून कोपरे, परवाच तुटलेली,
म्हणून तिला तहान जास्त,
आणि म्हणूनच एकदा धरलं की सोडत नाही.

काटा चढतो.
पाचशे. सहाशे. खोलीत कुणी बोलत नाही,
पंख्याचासुद्धा राग येतो.
सातशे अठरा, नदी.
सातशे त्रेचाळीस, भुकटी.
सातशे एकतीस, भुकटी.
मग नऊ नंबर. पाचशे नव्वदलाच
आधी कुजबुज, मग कडाड,
आणि आत पोकळ्याच पोकळ्या,
गांधीलमाशीनं घर केल्यासारख्या.

वाटवे सरांचा फोन: किती आला?
मग लिही की, भुकटी भरवशाची नाही.
मी पेन उघडलं.

काका फुटका कोपरा हातात फिरवत होते.
'वो पैंतीस नहीं थे, बिटिया.'
तिसऱ्या थराला वीसच ठोके पडले असतील.
मधेच गावाहून फोन आला होता,
पोराला ऑक्सिजन लावलाय म्हणून.

पोरगा कामाला कुठे, ते मी विचारलं नाही.
मला माहीत होतं.

शेऱ्याच्या रकान्यात दोन बोटं जागा असते.
तेवढ्यात बसवलं:
नऊ. ठोके कमी. दोष हाताचा, भुकटीचा नाही.

काकांनी चष्मा लावून वाचलं.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
'इतना भी सच नहीं है,'
आणि दहा नंबरचा घन
दोन्ही हातांनी उचलून
ताटलीच्या बरोबर मध्यावर ठेवला.