रकाना सातवा

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला आमची फाउंड्री.
पाटीवर अजून वडलांचंच नाव: रवळोजी अँड सन्स.
सन्स कसले, मी एकटाच.

गेल्या श्रावणात पंपाच्या ऐंशी बॉड्या ओतल्या,
बावीस परत आल्या.
टेम्पोवाल्यानं दारात उतरवल्या
आणि भाडं दोन्ही बाजूंचं मागितलं.
लोखंडात भोकं, जोंधळ्याएवढी.
वरून गुळगुळीत,
लेथवर चढवलं की दात दाखवणारी.

भरमाण्णा म्हणाला, वाळूत काय खोट नाही.
चाळीस वर्षं तो वाळू मुठीत दाबतो,
मूठ उघडतो, बोटांचे ठसे बघतो,
ढेकूळ मधोमध मोडतो.
"झालं. भरा."
ह्या "झालं"वर आमचं घर उभं आहे.

मच्छेकडच्या विद्यापीठातून सहना आली,
बैलहोंगलची पोर.
पिशवीत डबा, डब्यात वजनकाटा,
आणि थर्मासासारखं काहीतरी, बुडाला घड्याळ.
जिल्हा उद्योग केंद्राच्या कुठल्याशा योजनेत
आमच्या गल्लीतल्या चार भट्ट्या आणि तिचा विभाग
एका दावणीला बांधलेत, म्हणे.
मला वाटलं, फोटो काढतील, चहा पितील, जातील.

अकरा आठवडे राहिली.
पहिले चार दिवस भरमाण्णा तिच्याशी बोललाच नाही.
"अज्जा, दाबून सांगा की, पाणी किती?"
"किती म्हंजे? झालं म्हंजे झालं."
ती लिहायची: झालं. पुढं, तीन पॉइंट आठ.
झालं. तीन पॉइंट नऊ.
अजून थोडं. तीन पॉइंट एक.
शनिवारी तिनं वही फिरवून त्याच्यापुढं धरली.
त्यानं बनियनला चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"हे समदं माझ्या हातात हुतं?"

मग भोकं कुठली?
दुपारनंतरची.
साचा फोडून आलेली वाळू गरम असतानाच
परत मळली, की मूठ फसते.
बेल्लद सर येऊन एवढंच म्हणाले: गार करा.
गार करायचं यंत्र, कॅटलॉगात, अकरा लाख.

वडगावात बंद पडलेल्या मागाची मोटर,
तेलाचं पिंप (ही भोकं आम्ही हौसेनं पाडली),
कुणाचा तरी जुना पंखा.
सहनानं खडूनं फरशीवर आकृती काढली,
भरमाण्णानं अर्धी पायानं पुसली
आणि तिथं उतार दिला.
ती म्हणाली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
तो त्या दिवशी घरी लवकर गेला नाही.

मग अर्ज. तीन प्रती, कन्नडमध्ये.
कन्नड मला बोलता येतं, भांडताही येतं,
वाचताना बोट लागतं.
रकाना सातवा: नावीन्यते एनु?
एवढं तर कळलंच,
शब्दाचं शेपूट तेवढं वेगळं.
पण लिहू काय? पिंप? पंखा?
रात्री साडेअकरापर्यंत पेनचं टोपण चावलं,
शेवटी मराठीतच लिहून टाकलं:
भरमाण्णाची मूठ, आकड्यांत.

साहेबांनी भुवई उचलली.
तांत्रिक भाषेत पाहिजे, म्हणाले.
सहनानं काउंटरवर उभ्या उभ्या नऊ ओळी कन्नडमध्ये केल्या.
मी बोट लावून खाली येत गेलो,
चौथ्या ओळीत "मुष्टी" सापडली.
ठेवली होती तिनं.

अनुदान अजून आलेलं नाही.
फाइल बेंगळूरला आहे, असं कळतं.
ऐंशीतल्या तीनच परत येतात आता,
टेम्पोवाला भाड्यावरून कुरकुरतो.
सहनाचं शिक्षण संपलं,
डबा सध्या इथंच आहे, विद्यापीठाच्या सहीशिक्क्यावर.
भरमाण्णा रोज सकाळी तो फडक्यानं पुसतो,
आधी मूठ दाबतो, मोठ्यानं आकडा सांगतो,
मग काटा बघतो.
चुकला तर
कुणाकडंच बघत नाही.