पत्ता शहात्तर

शनिवार. खानापूरच्या कौलांच्या शेडात
उलट्या बादलीवर लॅपटॉप,
आणि नखाएवढी जांभळी पट्टी
मी चिमट्यात धरलीय. चार भोकं, चार पाय.
डाग देताना राळेचा धूर डोळ्यांत जातो.

"काय करूलालीस गो सकाळधरनं?"
मष्णूकाका विचारतात.
शेडातली ओल मोजणार, मी म्हणते.
ते हसत नाहीत.
कौल कडेनं आधी सुकलं की पोटात तडकतं,
हे त्यांना माझ्या डिप्लोमाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक.
गेल्या हंगामात एका रात्रीच्या वाऱ्यानं अकराशे गेली.
"मी झोपल्यावर हे जागं ऱ्हातंय?"
ऱ्हातंय.
"मग जोड की."

लाल तार तीन पूर्णांक तीनला.
पाचला नाही. पाचला लावून एक मी घालवलाय,
एकशे ऐंशी रुपये, जळल्याचा वाससुद्धा आला नाही.
काळी ग्राउंडला.
"दोघांचं ग्राउंड एक नसलं
तर एकाचं बोलणं दुसऱ्याला लागत नाही,"
हे शिवानंदला सांगते. भट्टीवाल्याचा मुलगा,
घरी कन्नड, शाळेत कन्नड, माझ्याशी मराठी,
शिव्या दोन्हीत.
मान हलवतो, जसं काही नवीन नाही.
पिवळी ठोक्याची, हिरवी निरोपाची.
पिवळीनं ताल धरायचा
आणि हिरवीनं त्यावर एकेक अक्षर सरकवायचं.

हाक मारली, सत्याहत्तरवर.
काही नाही.
तारा काढून पुन्हा खोचल्या. पुन्हा हाक.
शिवानंद पडद्यावर वाकतो:
"यारू इल्ल री."

आमच्या घरी पत्रं येतात
बेळगाव लिहिलेली, बेळगावी लिहिलेली,
विम्यावाल्यांची तर अजून बेलगाम.
हुक्केरी पोस्टमन तिन्ही आणून
त्याच खिडकीत टाकतो.
या तारेवर हुक्केरी नाही.
एका आकड्यानं चुकलात की घर बंद.

मग पहिल्यापासून शेवटपर्यंत दारं वाजवत गेले.
शहात्तरला कोणीतरी ओ दिली.

तापमान एकतीस पूर्णांक चार.
दाब नऊशे एकेचाळीस.
ओल
शून्य.

शून्य! इथं,
जिथं मिठाच्या बरणीत चमचा बुडतो.

तेव्हा त्याला त्याची ओळख विचारली.
साठ म्हणायला हवं होतं, अठ्ठावन्न म्हणाला.
म्हणजे हा तो नव्हे, त्याचा भाऊ.
तीच पट्टी, तीच भोकं,
पाठीवर दोघांचीही नावं छापलेली
आणि खूण कुणावरच केलेली नाही.
भार कळतो त्याला, ऊन कळतं.
ओल कळत नाही.

काकांना सांगायला जीभ वळेना.
त्यांनी फळीवरचं एक कौल उचललं,
गालाला लावलं, डोळे मिटले.
"गार हाय. पाणी हाय अजून पोटात."
ठेवलं. दुसरं उचललं.
"मग त्याला कळतंय तरी काय?"
हवेचा भार.
"वारं सुटायच्या आधी?"
बहुतेक वेळा उतरतो.
"मग ऱ्हाऊ दे की त्याला. वाऱ्याचं त्यानं सांगू दे.
गाल माझा हाय."

मी ओलीची ओळ पुसली.
नऊशे छत्तीसच्या खाली गेला तर भोंगा,
एवढंच ठेवलं. छत्तीस हा आकडा अंदाजाचा,
दोन-तीन वेळा तो आम्हाला उगाच उठवणार आहे.
दुसरा, खरा, मागवायला हवा.
पुढच्या पगाराला.

शिवानंदनं तेवढ्यात एका ओल्या कौलावर
खिळ्यानं शहात्तर कोरलं, त्याच्या अंकांत.
मी त्याखाली माझ्या अंकांत.
काका ओरडले, "एक कौल घालवलासा!"
"गळंत न्हाई की त्यानं," शिवानंद म्हणाला.

ते भाजलं जाईल, बाकीच्यांत मिसळेल,
नंदगडला नाहीतर कुठं
कुणाच्या तरी छपरावर चढेल.
कोरलेली बाजू खाली आली
तर अंथरुणावर पडल्या पडल्या कोणीतरी
एकच आकडा दोनदा वाचेल.