अंगी लागणं

फेब्रुवारी. उणे एकतीस.
"उपाशीपोटी राहा," असा निरोप आधीच धाडला होता.
पण दुलामसुरेननं चूल पेटवलेली.
दारी आलेल्याला चहा न देता
त्याच्यापुढे दंड उघडा करायचा,
हे तिच्या सत्तर वर्षांत बसत नव्हतं.
पाहुण्याला एकटं पिऊ द्यायचं, हेही नाही.
मग काय, प्यालो दोघी.
खारट, दुधाळ, वर लोण्याचा तवंग.
वहीत मी लिहिलं : उपाशी नाही.
कारणासाठी रकाना नव्हता.

नळी भरली की लगेच चांदीच्या कागदात गुंडाळायची.
ई जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही.
गवतातून दुधात, दुधातून हिच्यात
उतरलेला जुलैच तो,
आणि त्याला आता उजेड सोसत नाही.

जीपच्या बॅटरीवर यंत्र फिरवलं.
उन्हाळ्यात वर येतं ते वाळल्या काडीसारखं पिवळं, नितळ.
आज ताकासारखं गढूळ.
आमचा चहा, दुसरं काय.

मग तिचे जुळे.
एक बुधवार संपता संपता जन्मला,
दुसरा गुरुवार लागल्यावर,
म्हणून ल्हाग्वा आणि पुरेव : बुधवार, गुरुवार.
एकच पातेलं, एकच पळी,
त्याच मेंढीच्या शेपटीची चरबी.
ल्हाग्वाचं कोलेस्टेरॉल हिवाळ्यात चढतं.
पुरेवचं जागचं हलत नाही.
चरबी चढली की ई तिच्या पाठुंगळीला बसून चढतं,
म्हणून एकाला दुसऱ्यानं भागून पाहायचं.
भागलं.
तरी दोघे दोन वाटांनी गेले.

जिल्ह्याचे डॉक्टर सरासरी मागतात.
देते मी.
चार वर्षं या खोऱ्यात फिरतेय,
सरासरी नावाचं माणूस
अजून कुठल्या तंबूत भेटलं नाही.

दुलामसुरेनला आकडे दाखवले.
ती पुरेवच्या मनगटाकडे बघत म्हणाली,
"एकाला अंगी लागतं, एकाला नाही.
हे बघायला सुई कशाला?"

निघताना तिनं माझ्या खिशात आरूल कोंबलं,
जुलैत छपरावर वाळवलेलं, दगडासारखं.
नळ्या अंगरख्याच्या आत, पोटाशी.
गोठलं की रक्त फुटतं.
मोटारसायकल दोनदा बंद पडली.
तो तुकडा गालात धरून होते.
विरघळायला सोळा किलोमीटर लागले.

माझी स्वतःची नळी
सकाळीच भरून झाली होती.
उपाशीपोटी. नियमानुसार.