कोपऱ्याच्या पुढे

लाल फिल्म कापायची तर सुरी दाबायची नसते.
नुसतं तिचं वजन तिच्यावरच सोडायचं.
वरचा लाल पापुद्रा तुटावा,
खालच्या पारदर्शक अंगावर ओरखडाही नको.
यालमारीला तीनदा सांगितलं.
तीनदा त्याने आरपार कापलं.

राउमाच्या छापखान्यात मी एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या फोटोंसाठी खिडक्या कापल्या.
हॉकीचा संघ, नवा पाद्री, विकाऊ ट्रॅक्टर.
फोटो नंतर यायचे, पलीकडच्या टेबलावरून;
माझ्यापर्यंत फक्त मापं.
एका बुधवारी माप आलं चार बाय पाच सेंटीमीटर,
निधनवार्तांचं पान.
कापून दिली.
सकाळी पेपर उघडला, तर खिडकीत आर्वो.
नऊ वर्षं बोलत नव्हतो आम्ही.
चारही कोन काटकोनात होते.

आता हा पोरगा कागदावर प्लॅटिनमचं मीठ फासतो
आणि कडेचे ब्रशचे फराटे तसेच ठेवतो.
म्हणतो, ओनेर्वा, हाताने केलंय हे दिसायला नको का?
मी म्हटलं, सुतार काय
टेबलावर अंगठा उमटवून देतो?

मग मुखवटा घातला निगेटिव्हला.
चार बाय पाचच, पण इंचांत.
गोठलेल्या बंदरातली ताडपत्रीखालची होडी.
लाल आपल्याला लाल दिसतं,
उन्हाच्या लेखी ती भिंत.
अंगणात चौकट ठेवली नऊ मिनिटं,
मार्चचं ऊन बर्फावरून उलटून येत होतं,
आम्ही दोघं डोळे बारीक करून उभे,
कॉफी गार.

डेव्हलपर ओतल्याबरोबर होडी आली.
कडा मात्र पिवळट.
तिथेही मीठ होतंच, फक्त उजेड पोचला नव्हता.
ते धुवून काढावं लागतं, तीन पाण्यांत,
घाई केली तर वर्षभराने डाग वर येतो.
आम्ही घाई केली नाही.

पांढरी झाली कड. चांगली पांढरी.
आणि वरच्या उजव्या कोपऱ्यापाशी
केसाएवढी एक काळी रेघ,
चौकटीतून बाहेर निघालेली.

माझी सुरी कोपऱ्याच्या पुढे गेली होती.
एकतीस वर्षांत गेली नव्हती असं नाही,
पण तेव्हा स्टेनरोस भिंग घेऊन फिरायचा
आणि लाल रंगाची बाटली असायची, बुजवायला.

यालमारी म्हणाला, राहू दे ना, सुंदर आहे.
मी म्हटलं, सुंदर नाही, चूक आहे.
दुसरा कागद फास.
तो फासायला गेला.
मी ओला प्रिंट उचलून दोरीवर लावला,
बाकीच्यांच्या मागे,
आणि सुरीला नवं पातं घातलं.

रात्री स्वेटर काढताना
कोपराला चिकटलेला सापडला
कापून काढलेला लाल तुकडा.
दिव्यासमोर धरला.
स्वयंपाकघर, किटली, माझा हात, सगळं लाल.
आत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.
तरी बराच वेळ धरून होते.