मागचं दार

हरलेला संघ वजनाला जास्त भरतो.
हसू नका. बावीस वर्षं बस चालवतोय मी,
चढावर इंजिनच सांगतं निकाल.

जिंकून येताना सगळे मागच्या बाकांवर कोंबलेले,
पत्ते, शिव्या, कुणाच्या तरी आईने तळून दिलेली
लसूण चोळलेल्या काळ्या पावाची कापं.
हरले की प्रत्येकाला वेगळी खिडकी लागते.
या हंगामात खिडक्या कमी पडल्या.

सप्टेंबरात बसवर नवी चित्रं चिकटवली होती:
पाच जण, हाताची घडी, माणसाच्या दीडपट.
त्यातला ट्रेव्हॉन जानेवारीतच गेला, अमेरिकेला,
आईच्या ऑपरेशनचं सांगून.
पगार दोन महिने थकला होता,
कुठलं ऑपरेशन, कुणी विचारलं नाही.
चित्र मात्र राहिलं.
क्लाइपेदा, आलितुस, शिआउल्याय,
मी त्याला प्रत्येक सामन्याला घेऊन गेलो.

रिम्विदास कप्तान. वय सदतीस, गुडघे त्याहून थोरले.
सामना संपला की दोन्हींवर बर्फाच्या पिशव्या बांधून
मधल्या वाटेत पाय पसरून बसतो.
बर्फ वितळतो. उतार लागला की ते पाणी
अंधारात हळूहळू पुढे येतं,
क्लचपाशी, माझ्या बुटाशी.
दुसऱ्याचं दुखणं असं पायाशी येऊन थांबलं
की काय बोलायचं असतं, मला येत नाही.
मी रेडिओ लहान करतो.

प्रशिक्षक एइमुन्तास माझ्या शेजारी, घडीच्या खुर्चीवर.
काचेवर वाफ धरली की बोटाने गोल काढतो,
गोलांना चुकवून जाणारे बाण काढतो.
हीटरची हवा लागते, सगळा बेत ओघळतो.
तो पुन्हा काढतो.

घरच्या मैदानावर शेवटी शेवटी दोनशे माणसं.
पण डेअरीतली आल्दोना आणि तिचा ढोल,
एक दिवस चुकला नाही.
आम्ही तीस गुणांनी मागे, आणि ही बाई
असा बडवते की जणू एकानेच मागे आहोत.
एकदा तर पंचानेच खाली बघितलं.

मार्चात शेवटचा दौरा, उतेना.
पूल बंद होता, मी शेतातली वाट धरली. चूक माझीच.
बर्फ विरघळून रस्त्याचं पिठलं झालेलं,
मागची चाकं बसली ती बसलीच.
सगळे उतरले, धुतलेल्या कपड्यांत, न बोलता.
आरशात कुणीच दिसेना.
फक्त रिम्विदासचा आवाज, एक, दोन,
आणि बस हलली.
मग हशा. ग्विदास तोंडावर पडला होता,
दोन मीटर अकरा सेंटीमीटर, आडवा, चिखलात.
चिखलासकट सगळे मागच्या बाकांवर कोंबले,
आणि मी वेडा, मला वाटलं जिंकलोच.

एकतीस गुणांनी हरलो.
परतताना पुन्हा ज्याची त्याची खिडकी.
ग्विदासच्या कानात अजून माती होती.

एप्रिल आला. करकोचे खांबांवर परतले,
आम्ही खालच्या विभागात गेलो.
ऑफिसातला पोरगा पातं घेऊन आला,
चित्रं सोलून काढली त्याने.
ट्रेव्हॉनचं एक कोपर काही निघेना.
सोमवारपासून बस शाळेच्या गाणाऱ्या मुलींना भाड्याने.
तर मी धुतली. टायर, काचा, मधली वाट,
बाकांच्या फटीतली पत्त्यांतली इस्पिकची सत्ती.

मागच्या दारावर पंजे आहेत,
ताटाएवढे, रस्त्यावरच्या मिठात वाळलेले.
बावीस. मोजलेत मी.
एक घसरत खाली गेलाय, तो कुणाचा ते सांगायला नको.

मालक म्हणाला, वात्सलोवास, मागचं राहिलं.
म्हटलं, हो,
पाइप तिथवर पोचत नाही.