वर्दी देणाऱ्याचा पत्ता

भुताचं तिकीट वेगळं नाही.
वीस रुपयांतच सगळं :
दोन बंब, एक घंटा, अकरा शिरस्त्राणं
आणि ज्याला जे दिसेल ते.

चहावाला इद्रिस सांगतो, पहाटे
पितळी दांडा हाताला कोमट लागतो,
वरून कुणी नुकतंच घसरून उतरल्यासारखा.
तो पहाटे आत कसा शिरतो, हे मी विचारलेलं नाही.
समोरच्या छापखान्याचे पानसे म्हणतात,
अमावास्येला घंटा वाजते, दोनच टोले.
तिसऱ्याच्या आत बहुधा भुतालाही
पाटी दिसत असावी :
'घंटेला हात लावू नये. ही विनंती नव्हे.'

सहामाही संपली की सहली येतात.
पोरं विचारतात, जळालेला फायरमन कुठंय?
मी सात नंबरच्या खुंटीकडे बोट दाखवते.
त्या खुंटीवरचे लांडगे
मधुमेहानं गेले, ससूनमध्ये,
शेवटी साखरेचा चहा मागत.
पण पोरांचे पैसे वसूल व्हायला हवेत.

माझे वडील इथं तांडेल होते, रावजी खुडे.
घरी त्यांनी भुतांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या.
एक सोडून.

ती मला काचेखालच्या नोंदवहीत सापडली.
साहेबांनी उघडून ठेवलेलं पान वेगळं आहे,
त्यावर पाहुण्यांच्या सह्या आहेत, निळ्या शाईतल्या.
धूळ पुसायला काच उचलली
आणि चार पानं मागं गेले.
अक्षर बाबांचं :

वर्दी मिळाल्याची वेळ : रात्री २ वाजून १० मिनिटे.
वर्दी देणारा : मुलगा, वय अंदाजे सात, अनवाणी.
ठिकाण : आमच्या घरी.

'तुमच्या म्हणजे कुठं रे?' विचारेपर्यंत
पोरगं परत पळत सुटलेलं,
बंब मागून येतोच आहे
अशा खात्रीनं.

बंब निघाला. लाकूडबाजाराकडे वळला.
आग लागायची ती लाकूडबाजारातच,
मालक तिथं, विमा तिथं, फोन तिथं.
वखारी सगळ्या गार. राखणदार झोपलेला.
पुढच्या रकान्यात : धूर आढळला नाही. परत.
आणि त्याखाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत,
कालव्यापलीकडील वस्ती, झोपड्या नऊ.
पुढं एक आकडा आहे.
तो मी तिकिटात धरलेला नाही.

पोरांना वाटतं, वर्दी म्हणजे अंगावरची खाकी.
आमच्याकडे वर्दी म्हणजे
कुणीतरी धावत येऊन सांगितलेलं.
खाकी निवृत्तीला जमा करता येते.
बाबा शेवटपर्यंत बूट पायथ्याशी ठेवून झोपले,
बुटांची तोंडं दाराकडे.
गल्लीत मूल रडलं की उठून बसायचे :
'पत्ता विचारा त्याला. आधी पत्ता.'
आई म्हणायची, शेजारच्यांचं आहे हो, दात येतायत.

काल दुसरी ब आली होती.
अभिप्रायवहीत ओळीनं लिहून गेली :
छान आहे. बंब लाल आहे. भूत दिसले नाही.
नाव, शाळा, पत्ता, रकाने मीच आखलेत.
शेवटच्या ओळीत नाव नाही, शाळा नाही.
पत्त्याच्या जागी, पेन्सिलीनं,
घ आरशातल्यासारखा उलटा :
आमच्या घरी.

सात वर्षांची पोरं असंच लिहितात. मला कळतं.
तरी कुलूप हातातच राहिलं.
रस्त्यावर येऊन उभी राहिले, नाक वर करून.
भज्यांची कढई. डिझेल.
कालव्याच्या अंगानं थोडा ओला वारा.

काय जळतंय का ताई, इद्रिसनं विचारलं.
म्हटलं, थांब जरा.